वाचक विचारतात: हॉर्नबी रोडवरची भिंत कुठे गेली?

गेल्या अंकात दादाभाई नौरोजी मार्ग, म्हणजे जुना हॉर्नबी रोड, या विषयावर शंका मागवल्या होत्या. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. काही उत्तरं लांबली आहेत, पण त्याला इलाज नव्हता. हा रस्ता कळायचा तर आज तिथे नसलेली एक भिंत आधी डोळ्यांसमोर आणावी लागते.

प्रश्न: किल्ल्याचा खंदक बुजवून हा रस्ता केला, असं आमचे मामा सांगतात. खरं आहे का? (वाचक, ठाणे)

अर्धं खरं. रस्ता खंदकावर नव्हता, तटाच्या आतल्या अंगाला लागून होता. तट आणि खंदक गेल्यावर तो रुंद झाला आणि त्याच्या पश्चिमेला इमारतींसाठी जागा निघाली.

क्रम असा. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, १७१५-१६ च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीच्या वस्तीभोवती तट उभा राहिला. त्याला तीन मोठे दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट आणि उत्तरेला बझार गेट. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांचं धाबं दणाणलं. तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी इथल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये दिले. म्हणजे मामांच्या खंदकाचं श्रेय आडवाटेने मराठ्यांकडे जातं. खंदकापलीकडचं मैदान मोकळं ठेवलं होतं, कारण तोफेच्या माऱ्याच्या आड काही येता कामा नये. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याच मोकळ्या जागेची उरलेली तुकडी.

तटाच्या आत मात्र दाटी वाढत गेली. १७ फेब्रुवारी १८०३ च्या आगीत किल्ल्याच्या उत्तर भागातला मोठा देशी बाजार जळाला आणि त्यानंतर बरीच वस्ती तटाबाहेर सरकली. १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला. तोवर तटाचा लष्करी उपयोग संपला होता, दरवाज्यांत गाड्यांची कोंडी होत होती आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात धो धो येत होता. तट पाडला गेला. मोकळ्या झालेल्या जमिनीवर मैदानाच्या बाजूला सरकारी इमारती आल्या: सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट. हॉर्नबी रोडच्या बाजूचे भूखंड बहुतांशी खासगी व्यापारी, विमा कंपन्या आणि संस्था यांच्याकडे गेले. एकाच तटाच्या जागेवर दोन वेगळ्या तऱ्हेची शहरं झाली, ती यामुळे.

प्रत्यक्ष जागेवर याची खूण पटवायची असेल तर सीएसएमटी आणि हुतात्मा चौक यांच्या साधारण मध्यावर उभे राहा. पूर्वेच्या गल्ल्या बघा: बोरा बझार, मोदी स्ट्रीट, बझार गेट स्ट्रीट (आताचा पेरिन नरिमन मार्ग). अरुंद, वाकड्या, घरांना घरं चिकटलेली. ही तटाच्या आतली जुनी वस्ती. आता पश्चिमेला बघा. आडवे रस्ते रुंद, सरळ आणि दोन-तीन मिनिटांत मैदानाशी पोहोचणारे. ही तट गेल्यानंतरची आखणी. या दोहोंमधली सीमा म्हणजे तुम्ही उभे आहात तो रस्ता.

एक गफलत मात्र टाळा. हे सारं सीएसएमटीच्या दक्षिणेच्या भागाला लागू पडतं. सीएसएमटी ते क्रॉफर्ड मार्केट (महात्मा जोतिबा फुले मंडई) हा उत्तरेचा भाग बझार गेटच्या बाहेर, मैदानात होता. म्हणून तिथे एकमेकींना खेटलेल्या व्यापारी इमारती नाहीत, तर ऐसपैस आवार असलेल्या संस्था आहेत: जे. जे. कला महाविद्यालय, अंजुमन-इ-इस्लाम. पूर्ण रस्ता दीड-पावणेदोन किलोमीटरचा, आणि त्याचे हे दोन तुकडे जन्मानेच वेगळे.

तटाचे खरे दगड बघायचे असतील तर ते या रस्त्यावर मिळणार नाहीत. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात फोर्ट सेंट जॉर्जचा थोडा भाग शिल्लक आहे. चर्चगेट स्टेशनजवळ शोधू नका. दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी होता, स्टेशनपासून अर्ध्या किलोमीटरहून थोडा लांब. स्टेशनला फक्त नाव मिळालं.

प्रश्न: हॉर्नबी म्हणजे वरळीचा बांध घालणारा तोच का? मग हॉर्नबी रोड आणि हॉर्नबी व्हेलार्ड एकच? (वाचक, नाशिक)

माणूस एक, जागा दोन. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. हॉर्नबी व्हेलार्ड म्हणजे महालक्ष्मी-वरळीकडची खिंड बुजवणारा बांध. तिथला रस्ता आता लाला लजपतराय मार्ग. हॉर्नबी रोड फोर्टात. जुन्या पत्रांत नुसतं 'हॉर्नबी' दिसलं की पुढचा शब्द वाचल्याशिवाय ठिकाण ठरवू नये.

कंपनीची परवानगी नसताना त्याने बांध घातला आणि बडतर्फीचं पत्र खिशात ठेवून काम पुरं केलं, ही गोष्ट मुंबईत फार आवडीने सांगितली जाते. गोष्ट म्हणूनच ती ऐकावी. मराठी वाचकाला हॉर्नबी खरं तर दुसरीकडून माहीत असायला हवा. राघोबादादांशी १७७५ चा सुरतचा तह करणारं मुंबई सरकार त्याचं, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला झालेला मानहानीचा तह नाकारणाराही तोच. बांधाइतकीच ही कागदोपत्री ओळखही लक्षात ठेवायला हरकत नाही.

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत 'हॉर्नबी रोड, बॉम्बे' असं छापलेलं चित्र-पोस्टकार्ड सापडलं. रस्ता, ट्राम, मागे मोठी इमारत. साल कसं ओळखायचं? (वाचक, सांगली. अशी आणखी चार पत्रं आहेत.)

कार्डाच्या पाठीवरून सुरुवात करू नका, चित्रावरून करा. पाठीवरचा शिक्का कार्ड कधी टाकलं ते सांगतो, फोटो कधी काढला ते नाही. छापणारे एकच निगेटिव्ह दहा-पंधरा वर्षं वापरत.

आधी चित्राची दिशा लावून घ्या. मोठ्या घुमटाची इमारत (व्हीटी, म्हणजे आताचं सीएसएमटी) रस्त्याच्या उजव्या हाताला आणि महापालिकेचा मनोरा डाव्या हाताला असेल तर फोटो दक्षिणेकडून उत्तरेकडे बघत काढलेला आहे. उलट असेल तर उत्तरेकडून. दोन्हीशी जुळत नसेल, तर छापताना निगेटिव्ह उलटं लागलं असण्याची शक्यता मोठी. दुकानाच्या पाट्यांवरची अक्षरं भिंगाने बघा, ती उलटी दिसली की प्रश्न मिटला.

मग 'याच्या आधीचं नाही' आणि 'याच्या नंतरचं नाही' अशा दोन कड्या शोधा. उपयोगी तारखा या: घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ पासून. व्हीटीचं बांधकाम १८७८ ला सुरू, १८८८ ला पूर्ण. महापालिकेची इमारत १८९३ ला पूर्ण. तिच्या समोरच्या अंगाची टाइम्सची इमारत १९०३ च्या सुमाराची. विजेची ट्राम ७ मे १९०७ पासून. दुमजली ट्राम १९२० पासून. महापालिकेपुढचा फिरोजशहा मेहतांचा पुतळा १९२३ चा. पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. दुमजली बस १९३७ पासून. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली.

उदाहरणार्थ, चित्रात महापालिका आहे, ट्राम एकमजली आहे, वर तार आहे, बस नाही. म्हणजे १९०७ नंतरचं नक्की, आणि बहुधा १९२६ च्या आधीचं. फिरोजशहांची जागा चित्रात येत असूनही रिकामी असेल, तर १९२३ च्या आधीचं.

चूक होते ती तारांपाशी. 'तार दिसत नाही, म्हणजे १९०७ पूर्वीचं' असं लोक ठरवून टाकतात. रंगीत कार्डं मूळ काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने रंगवून छापलेली असत, आणि आकाश स्वच्छ दिसावं म्हणून तारा, कधीकधी खांबसुद्धा, सरळ पुसून टाकत. तार नसणं हा पुरावा नव्हे. ट्रामच्या टपावर तारेला टेकणारा दांडा आहे का आणि पुढे घोडे आहेत का, हे बघा. रंगांवरही विसंबू नका. छापखान्यातल्या माणसाने मुंबई पाहिलेली असेलच असं नाही. मालाडचा पिवळसर दगड त्याच्या हातून गुलाबी होतो.

यानंतर कार्ड उलटा. तिकिटावर व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड की पाचवा जॉर्ज, यावरून टपालात टाकण्याचा काळ कळतो (राज्यकाळ अनुक्रमे १९०१ पर्यंत, १९०१-१०, १९१०-३६. राजा बदलला तरी जुनी तिकिटं काही दिवस चालत राहत). पाठीवर पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर कार्ड विसाव्या शतकातलं समजायला हरकत नाही. ब्रिटनने अशा विभागलेल्या पाठीला १९०२ मध्ये परवानगी दिली. त्याआधी मजकूर चित्राच्या बाजूलाच, कडेच्या कोऱ्या पट्टीत लिहावा लागे.

कार्ड जपताना लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाईचा थर उचलला जातो आणि पुन्हा सोडवता येत नाही. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडवं ठेवा. कोकणपट्टीत राहत असाल तर पावसाळ्याआधी सिलिका जेलच्या पुड्या बदला.

प्रश्न: दोन्ही बाजूंना कमानींखालून चालायची वाट आहे. ती मुद्दाम केली की आपोआप झाली? आणि आता तिथून चालता का येत नाही? (वाचक, डोंबिवली)

मुद्दाम केली. १८९६ च्या नियमाने हॉर्नबी रोडवरच्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी आर्केड सोडणं सक्तीचं झालं. इमारतींच्या शैली वेगवेगळ्या आहेत: कुणी गॉथिक, कुणी अभिजात रोमन वळणाची, कुणी मिश्र. मालकही वेगवेगळे. तरी रस्ता एकसंध दिसतो तो या एका नियमामुळे. शैलीच्या नावांपेक्षा हा नियम महत्त्वाचा आहे असं आमचं मत. मुंबईच्या वास्तूंवर लिहिताना लोक मनोरे मोजत बसतात आणि पायाखालची वाट विसरतात.

हिशेब दोन्ही बाजूंनी सोयीचा होता. मालकाने खाली वाट सोडली, पण वरचे मजले त्या वाटेवरून पुढे, रस्त्याच्या रेषेपर्यंत आले. दुकानाच्या काचेवर थेट ऊन नाही आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत गिऱ्हाईक न भिजता एका दुकानातून दुसऱ्यात जातं.

बिघडलं ते सांध्यांवर. प्रत्येक इमारतीची जमीन वेगळ्या उंचीवर. एका आर्केडमधून दुसऱ्यात जाताना एखादी पायरी चढावी किंवा उतरावी लागते. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले तसा पदपथ उंचावला आणि पाणी आर्केडकडे वळलं. ते अडवायला कुणी उंबरठा घातला, कुणी रॅम्प केला. कमानीत टपरी, खांबाला लागून विजेची पेटी, वर एसीची गळती. एकेक अडथळा क्षुल्लक असतो, पण वाट तुटायला एक पुरतो. मग माणूस आर्केड सोडून पदपथावर येतो आणि तिथे फेरीवाल्यांशी दाटी करतो. दोष एकट्या फेरीवाल्याचा धरणं सोपं आहे, बरोबर नाही.

प्रश्न: आमचं लहान दुकान याच रस्त्यावर आर्केडमध्ये आहे. पाटी बदलायची आहे. शिवाय खांबाच्या दगडांचे सांधे पावसात पाझरतात. मिस्त्री म्हणतो सिमेंटने भरून टाकू. चालेल का? (वाचक, मुंबई)

सिमेंट नको. पाटीचं आधी बघू.

१९९५ च्या वारसा नियमावलीत हा रस्ता श्रेणी दोन-अ मध्ये आहे, एखादीच इमारत नव्हे तर रस्त्याचा दर्शनी भाग म्हणून. आताच्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्येही वारशासाठी स्वतंत्र नियम आहे. त्यामुळे दर्शनी भागावर काही लावण्याआधी महापालिकेच्या ए विभाग कार्यालयात चौकशी करा. लागेल तिथे वारसा संवर्धन समितीचं मत घेतलं जातं. अर्जासोबत सध्याच्या दर्शनी भागाचा समोरून काढलेला फोटो, पाटीचं मोजमाप आणि ती कुठे, कशी बसणार याचा साधा आराखडा द्या. अर्ज अडकतात ते बहुधा तिसरी गोष्ट नसते म्हणून.

या रस्त्यावर पाट्यांचा प्रश्न नवा नाही. १९९८ पासून एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पुढाकाराने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी पाट्या आणि रस्त्यावरच्या बाकी सामानासाठी आराखडा केला. नंतर दुकानदारांनीच पाट्या कमानीच्या आत घेतल्या. २००४ मध्ये त्या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत स्थान मिळालं. त्यातली तत्त्वं आजही कामाची आहेत: पाटी कमानीच्या आत बसावी, कमानीचा माथ्याचा दगड, खांबाचं शीर्ष आणि कोरीवकाम झाकू नये, शेजाऱ्याच्या पाटीशी उंची जुळावी, आतून पेटणारी प्लास्टिकची पेटी टाळून वरून प्रकाश द्यावा. नाव मराठीत, देवनागरीत हवं, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. हा कायदाच आहे.

पाटी ठोकताना छिद्र दगडात नको, दोन दगडांमधल्या सांध्यात घ्या. सांधा पुन्हा भरता येतो, दगड नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साधं लोखंड समुद्राच्या हवेत गंजतं, गंजताना फुगतं आणि दगडाचा कोपरा उडवतं.

आता सांधे. या इमारती चुन्यात बांधल्या आहेत. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या मऊ सांध्यातून वाफ होऊन बाहेर पडतं. सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. पाणी दगडातून बाहेर यायला बघतं, सोबत क्षार आणतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे निघू लागतात. काळा बेसॉल्ट बराच तग धरतो. मालाडचा पिवळसर दगड आणि त्याहूनही पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड (कोरीवकाम बहुधा यातच असतं) लवकर जातो. मिस्त्रीची चूक एवढीच की सिमेंट पहिल्या वर्षी खरंच पाणी थांबवतं, म्हणून त्याला ते बरोबर वाटतं.

काम असं करून घ्या. जुना निखळलेला माल छिन्नी-हातोडीने काढा, ग्राइंडर लावू देऊ नका, कारण पातं दगडाच्या कडा खातं. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २०-२५ मिलिमीटर. वरवर थापलेला माल पहिल्या उन्हात सुटतो. धूळ ब्रशने काढा, सांधा पाण्याने ओला करा, पण पाणी साचू देऊ नका. माल: भिजवून मुरवलेला चुना १ भाग, सुरखी (विटांची भुकटी) १ भाग, चाळलेली जाडसर रेती २ भाग. चुना निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. आज पिशवी फोडून उद्या भरलेला चुना भेगाळतो. रेती समुद्राची किंवा खाडीची नको, तिच्यातलं मीठ भिंतीत जातं. माल दाबून, थराथराने भरा आणि दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. नंतर ओलं गोणपाट लावून आठ-दहा दिवस ओल टिकवा. हेच लोक गाळतात. चुना नुसता वाळला तर भुसभुशीत होतो. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. पावसाच्या तोंडावर केलेला सांधा धुऊन जातो.

दगड स्वच्छ करायचा तर पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. वाळूचा मारा, आम्ल, तेलरंग तिन्ही नकोत. भेगेत पिंपळ उगवला असेल तर वरून छाटू नका, छाटल्याने मूळ आत जोमाने वाढतं. आजूबाजूचा सांधा मोकळा करून मूळ काढा आणि जागा त्याच चुन्याने भरा. आणि खांबावर उभी भेग दिसत असेल किंवा छताच्या लोखंडी तुळईला गंज लागून खालचा गिलावा फुगला असेल, तर मिस्त्री नको, संरचना अभियंता बोलवा. तो सांध्यांचा प्रश्न नसतो.

प्रश्न: एवढ्या मोक्याच्या जागी इतक्या इमारती पडीक का दिसतात? (वाचक, पुणे)

भाड्यामुळे, मुख्यतः. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, उत्पन्न तिथेच राहिलं. राहती किंवा मिश्र वापराची जुनी इमारत असेल तर उपकर भरून म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जाता येतं. निव्वळ व्यापारी इमारतीला तो मार्ग नाही, आणि या रस्त्यावर अशाच इमारती जास्त. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढीला मुभा दिली आणि बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या व १ कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळलं. म्हणून शेजारी-शेजारी दोन इमारतींत एक चकाचक आणि एक झाडं उगवलेली दिसते. भाडेकरूंची यादी बघितली की कारण कळतं.

प्रश्न: दादाभाईंचा या रस्त्याशी काय संबंध? नाव नुसतं दिलेलं आहे का? (वाचक, रत्नागिरी)

नाव स्वातंत्र्योत्तर काळातलं, पण परकं नाही. दादाभाई (१८२५-१९१७) मुंबईचेच, एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले, महापालिकेतही काम केलं. १८९२ मध्ये ते लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी १८८६, १८९३ आणि १९०६ असं तीनदा भूषवलं. हिंदुस्थानची संपत्ती कशी बाहेर वाहते याचा आकड्यांनिशी हिशेब मांडणाऱ्या माणसाचं नाव विमा कंपन्या आणि बँकांच्या रस्त्याला मिळालं, हे जुळलं खरं.

मराठी माणसाने या रस्त्यावर आणखी दोन ठिकाणं चुकवू नयेत. बुद्ध भवन आणि आनंद भवन: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीची सिद्धार्थ महाविद्यालयं इथे आहेत. पहिलं सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झालं. आणि दक्षिण टोकाला हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४ चा, आणि २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला तो इथेच.

प्रश्न: किपलिंगचा जन्म झाला ते घर जे. जे.च्या आवारात बघायला मिळतं का? (वाचक, गोवा)

नाही. रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ ला याच आवारात जन्मला, कारण वडील जॉन लॉकवुड किपलिंग इथे शिकवत. पण आज दिसणारा लाकडी डीन बंगला नंतरचा. वडिलांचं काम बघायचं असेल तर रस्त्यापलीकडे क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवरची शिल्पं बघा, ती त्यांची. आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांचं कोरीवकाम व्हीटीवर आहे.

प्रश्न: आमच्या कुटुंबाची पेढी १९२० च्या सुमारास हॉर्नबी रोडवर होती. इमारत कुठली हे शोधायचं आहे. कुठून सुरू करू? (वाचक, अहमदाबाद)

घरातल्या कागदांपासून. बिलबुकं, लेटरहेड, विम्याचे कागद, लग्नपत्रिका यांवरचा पत्ता जसाच्या तसा उतरवून घ्या. घर क्रमांक मिळाला तरी आजच्या क्रमांकाशी जुळवू नका, क्रमांक बदललेले असू शकतात. इमारतीचं नाव जास्त भरवशाचं.

दुसरी पायरी, त्या काळच्या व्यापारी डिरेक्टऱ्या. यांत रस्त्यानुसार आणि नावानुसार नोंदी असतात. एकच वर्ष बघून थांबू नका. १९१८ ते १९२४ पर्यंतचे खंड ओळीने बघा. नाव कोणत्या वर्षी आलं आणि कोणत्या वर्षी गेलं हे कळलं की मधल्या काळात शेजारी कोण होते तेही लिहून घ्या. शेजारच्या दोन नावांवरून इमारत पक्की होते. नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी शोधा, गुजराती आणि मराठी आडनावांची तिथे वाट लागलेली असते. खंड एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात मागून बघा.

तिसरी पायरी, जमीन. इमारत ठरली की तिचा सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे भूमापन) क्रमांक, फोर्ट विभागातला, काढा आणि मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालयातून (जुनं कस्टम हाऊस) मालमत्ता पत्रकाची नक्कल मागा. पत्रकावर धारणाप्रकार आणि धारकांची साखळी असते, जुने सर्वेक्षण क्रमांकही असतात. त्यांतला लॉटनचा क्रमांक फार उपयोगी. कर्नल लॉटनच्या सर्वेक्षणाचे नकाशे १८७२ पर्यंतचे, म्हणजे तट पाडल्यानंतर लगेचचे. तुमचा भूखंड त्या नकाशात कोरा दिसला आणि भाडेपट्टा त्यानंतरचा असला, तर इमारत तटाच्या मोकळ्या जागेवर उभी आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. भाडेकरूचं नाव मालमत्ता पत्रकावर येत नाही. पेढी भाड्याच्या जागेत असेल तर तिथे शोधून निराश होऊ नका.

तट असतानाचं वर्णन मराठीत हवं असेल तर गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' (१८६३) वाचा. ते छापलं गेलं तेव्हा तट पाडायची नुसती धामधूम होती. सरकारी पत्रव्यवहारासाठी काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे ओळखपत्राची प्रत आणि शोधाचा विषय लिहिलेला अर्ज लागतो. विषय 'हॉर्नबी रोडचा इतिहास' असा मोघम लिहू नका. वर्ष आणि खातं लिहा. रस्त्यांची कामं सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बाडांत असतात, जमिनीचे व्यवहार महसूल खात्याच्या. बाडं मागवली की यायला वेळ लागतो, म्हणून सकाळी पोहोचताच पहिली मागणी द्या आणि पेन्सिल सोबत ठेवा, जुन्या कागदांजवळ शाईचं पेन चालत नाही.